चार वाजेपर्यंतचा डाव

इस्पितळाच्या तळघरात लाँड्री होती आणि लाँड्रीत घडीमामा होते. त्यांना खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत पडून असायचं. वरच्या मोठ्या डॉक्टरापासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांचे ते घडीमामाच. चादरीची घडी घालावी तर त्यांनी. चार कोपरे एकावर एक असे बसायचे की वाटावं, कापडाला लहानपणापासून वळण लावलंय.

पण घडी ही मामांची हौस झाली. नोकरी इस्त्रीची. वाफेची इस्त्री म्हणजे आपण घरात डावी-उजवी फिरवतो ती नव्हे. तो एक लोखंडी जबडाच असतो. खालच्या ओठावर डॉक्टरचा कोट अंथरायचा, उजव्या पायानं पेडल दाबायचं, की वरचा ओठ फस्स करून खाली येतो आणि वाफ नाकातोंडात शिरते. पाय उचलला की जबडा उघडतो. एका कोटाला सहा दाब. पाठ, दोन पुढच्या बाजू, दोन बाह्या आणि शेवटी कॉलर. दिवसाला दीडशे कोट, आणि असे दिवस तीस वर्षं. मामांची उजवी पोटरी नारळासारखी टणक झाली होती आणि डावा पाय, ज्याच्यावर सगळा देह टाकून उभं राहायचं, त्याच्या निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या.

"उजवा कमावतो आणि डावा घर चालवतो," असं मामा म्हणायचे. "कौतुक उजव्याचं, मरण डाव्याचं."

लाँड्रीत खुर्ची एकच, ती फोरमनची. बसून इस्त्री होत नाही, हे खरंच. पण इस्त्री नसतानाही बसायचं नाही, असा फोरमनचा दंडक. माणूस बसला की त्याचं इंजिन थंड होतं आणि परत तापवायला वेळ लागतो, असं त्याचं शास्त्र. मामा एकदा म्हणाले, "साहेब, म्हैस तरी दुपारी बसते." फोरमन म्हणाला, "म्हैस दूध देते." 

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी हाडांचे डॉक्टर आपला कोट न्यायला स्वतः तळघरात उतरले. कचेऱ्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत इस्पितळाचा संघ होता. चार माणसांचा. त्यातला चौथा बदली होऊन गेला होता आणि शनिवारी सामना. डॉक्टरांनी वाफेत उभं राहून विचारलं, "इथं कुणाला बुद्धिबळ येतं का?"

मामांना सोंगट्या कशा चालतात एवढं ठाऊक होतं. लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीत नंबर येईपर्यंत चुलत्यानं शिकवलं होतं, तेवढंच. त्यांनी पेडलवरचा पाय न काढता विचारलं, "बसून खेळतात का?"

"म्हणजे?"

"खुर्चीवर?"

"अर्थात खुर्चीवर," डॉक्टर म्हणाले. "पंख्याखाली."

"मग येतं," मामा म्हणाले.

अशी ती सुरुवात. स्पर्धेत दोन गट होते, वरचा आणि खालचा. वरच्या गटात खेळणाऱ्या संघाला सामन्याच्या दिवशी इस्पितळाकडून अर्धी सुट्टी मिळायची. वर्षाला आठ सामने, आठ शनिवार. दुपारी एकला डाव सुरू. आणि कागदावर असंही लिहिलं होतं की ज्याचा डाव चारच्या आत संपेल त्यानं कामावर परत यावं, सातपर्यंतची पाळी पुरी करावी. हे कलम फोरमननं वाचून दाखवलं होतं, बोट ठेवून.

आता डॉक्टरांची एक युक्ती ऐका. चार पट असतात. रीत अशी की पहिल्या पटावर संघातला सगळ्यांत तगडा बसतो, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. पण कोण तगडा हे ठरवायचं संघानंच, वरून तपासणी नाही. डॉक्टरांनी पहिल्या पटावर मामांना बसवलं. समोरच्या संघाचा वाघ मामांवर खर्ची पडायचा आणि खाली डॉक्टर, औषधांच्या खिडकीवरच्या बाई आणि एक्स-रेवाला यांच्या वाट्याला जरा हलकी माणसं यायची. वाघाला शेळी बांधायची आणि बाकीच्यांनी जंगलातून निघून जायचं. डॉक्टरांनी हे मामांपासून लपवलं नाही. मामांनीही मनाला लावून घेतलं नाही. शेळी तर शेळी. पण बसलेली शेळी.

पहिल्या वर्षी तर गंमतच व्हायची. पहिल्या पटावरचा माणूस म्हणजे मोठा खेळाडू असणार, म्हणून समोरचे दबकून बसायचे. मामांनी एकदा न बघता उंट फुकट दिला, तर पोस्टाचा चॅम्पियन पाऊण तास डोकं धरून बसला, यात फास कुठं आहे म्हणून. शेवटी त्यानं भीत भीत उंट उचलला. मामा म्हणाले, "घ्या, घ्या. पडलेलाच होता."

ही भीती वर्षभरात विरली. मग मामा अडीचला हरायला लागले, दोनला हरायला लागले. एकदा तर दीडला हरून, बस पकडून, अडीचला पेडलवर हजर झाले. फोरमननं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आज फार दमला नाहीत वाटतं."

त्या दिवसापासून मामांनी बुद्धिबळ मनावर घेतलं. जिंकण्यासाठी नव्हे, तो विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. हरायचं, पण चारनंतर. औषधवाल्या बाईंनी त्यांना एक जुनं पुस्तक दिलं, त्यातली हल्ल्याची पानं मामांनी उघडलीसुद्धा नाहीत. ते फक्त दारं लावायला शिकले. प्यादी समोरच्याच्या प्याद्यांना अशी भिडवायची की ना त्यांना पुढं येता येईल ना आपल्याला जाता येईल. मामा याला बटणं लावणं म्हणायचे. "कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावून घ्यायची. मग वारा शिरायला वेळ लागतो." वारा शेवटी शिरायचाच. समोरचे वाघ होते, कुठून तरी एक बटण तोडायचेच. पण तोवर सव्वाचार, साडेचार झालेले असायचे.

घरी बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिचंही दिवसभर उभ्यानंच. संध्याकाळी दोघं पत्र्याच्या एका घमेल्यात मीठ घातलेलं गरम पाणी घेऊन त्यात चार पाय सोडून बसायची. घमेलं लहान, त्यामुळं पायावर पाय यायचे. खेळाच्या शनिवारी ती कधी "जिंकलात का" असं विचारायची नाही. ती विचारायची, "किती वाजता?" मामा म्हणायचे, "साडेचार." मग ती म्हणायची, "बरं झालं." कधी मामा म्हणायचे, "तीन." मग ती गरम पाण्याची तपेली त्यांच्या बाजूनं ओतायची.

मामांची एक खोड मात्र होती, आणि ती इस्त्रीनंच लावलेली. वाकडं काही दिसलं की हात जायचाच. वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा, टेबलावरचा तिरका चमचा, काहीही. बसच्या रांगेत एकदा पुढच्या अनोळखी माणसाची उलटी कॉलर त्यांनी सरळ केली, तर त्यानं चोर चोर म्हणून आरडाओरडा केला. थोरला भाऊ वरच्या वॉर्डात वारला तेव्हा मामा आले, भावाकडं बघितलं, आणि आधी चादरीचा पायाकडचा कोपरा नीट केला. चादरीवरचा इस्पितळाचा शिक्का उलटा आला होता. मग रडले.

पटावर तर चौसष्ट घरं आणि बत्तीस सोंगट्या, प्रत्येक आपल्या घरात थोडी इकडं, थोडी तिकडं. सामन्याचा नियम कडक. ज्याची पाळी त्यानं आपल्या सोंगटीला हात लावला तर तीच चालवायची. नुसती सरळ करायची असेल तर आधी तोंडानं "नीट करतो" असं म्हणायचं, मग हात लावायचा. मामा डावभर म्हणायचे, "नीट करतो. नीट करतो." समोरचा विचारात बुडालेला आणि हे आपले चिमटीनं प्यादी घराच्या मध्यावर आणतायत. सगळ्या कचेऱ्यांना हे पाठ झालं होतं. पाणीखात्याचा एक पोरगेला कारकून तर मामा दिसले की लांबूनच ओरडायचा, "काय मामा, नीट करता का?"

बावीस वर्षांत एकशे पंच्याहत्तर डाव झाले. एकशे पंच्याहत्तर हार. अर्धा गुणसुद्धा नाही.

त्या वर्षी संघाचं दुखणं निघालं. डॉक्टरांचे डोळे गेले होते, म्हणजे गेले नव्हते, पण मोतीबिंदूनं हत्ती आणि उंट सारखे दिसायला लागले होते. एक्स-रेवाला दोन सामने आलाच नाही. शेवटच्या शनिवारी गाठ पाणीखात्याशी पडली आणि हिशेब सरळ होता. सामना बरोबरीत सुटला तर इस्पितळ वरच्या गटात राहणार. हरलं तर खाली. खालच्या गटाला सुट्टी नाही. फोरमननं शुक्रवारीच सांगून टाकलं, "खाली गेलात तर रविवारी खेळा, अंगणात."

घरी मामांनी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षीपासून शनिवारीही उभंच?"

"हरलो तर."

"तुम्ही हरणारच की."

"मी हरणारच. बाकीच्यांनी बघावं," मामा म्हणाले. बावीस वर्षं हीच वाटणी होती.

सामना कामगारांच्या वाचनालयातल्या लांब खोलीत. भिंतीला कपाटं, मध्ये चार टेबलं, वर तीन पंखे, त्यातला एक खडखडणारा. मामा नेहमी त्या खडखडणाऱ्या पंख्याखालीच बसायचे, झोप येऊ नये म्हणून. पंच म्हणून शाळेतून निवृत्त झालेले एक हेडमास्तर होते, ज्यांचा चष्मा दोरीला बांधलेला असायचा. मामांच्या समोर पाणीखात्याचे इंजिनिअर साहेब. पाच वर्षं स्पर्धेत अजिंक्य. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मामांशी खेळणं म्हणजे चावून चोथा झालेला ऊस परत चघळण्यासारखं वाटायचं.

"मामा, आज तरी लवकर आटपू या का?" बसता बसता त्यांनी विचारलं.

"तुमची इच्छा, साहेब. मारणारे तुम्ही. मी फक्त मरायचं, त्याला वेळ तुम्हीच लावता."

प्रत्येकाच्या घड्याळात दोन तास; ज्याची पाळी त्याचं घड्याळ चालणार, आणि ते सरलं की डाव गेला. एकला डाव सुरू झाला. इंजिनिअर घाईत होते, आणि घाईतच त्यांनी दोन हत्ती, वजीर, घोडे अशी मारामारी करून पट मोकळा केला. मोकळ्या पटावर मामा म्हणजे दोन चालींचं काम, असा त्यांचा अंदाज. पण मधल्या काळात मामांनी एकेक करून सगळी बटणं लावून टाकली होती. अडीच वाजता पटावर असं चित्र उरलं. दोघांची प्यादी एकमेकांच्या छातीला छाती लावून अडकलेली, एकही हलत नाही. इंजिनिअरकडं एक उंट, पांढऱ्या घरांवरून फिरणारा. शिवाय त्यांचं एक सुटं प्यादं उजव्या कडेनं थेट वर गेलेलं, वजीर व्हायला एकच घर बाकी. आणि त्या शेवटच्या घरात, पटाच्या अगदी कोपऱ्यात, मामांचा घोडा बसलेला.

घोडा काळ्या घरात होता. पांढऱ्या घरांवर फिरणारा उंट त्याला जन्मात शिवू शकत नव्हता. घोडा तिथून हलला तरच बोंब. कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच उड्या असतात, दोन्ही पांढऱ्या घरांत. उडी मारली की उंटानं खाल्ला, आणि प्यादं वजीर झालंच म्हणून समजा. पण घोड्याला हलवायची गरजच नव्हती. मामांचा राजा दुसऱ्या टोकाला दार धरून उभा होता आणि त्याला दोन घरं मोकळी होती. इकडून तिकडं, तिकडून इकडं. पाळी आली की राजा एक पाऊल टाकायचा, परत आला की परत टाकायचा.

तीन वाजता बाकीचे तिन्ही डाव संपले. औषधवाल्या बाई जिंकल्या. एक्स-रेवाला हरला. डॉक्टरांनी कसाबसा अर्धा गुण काढला. दीड-दीड. बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी एकदम मान वळवून पहिल्या पटाकडं बघितलं, जसं लग्नात जेवणं झाल्यावर एखाद्याला आठवावं की दाराशी अजून कुणीतरी उभंय.

मामा पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा बाई मागोमाग आल्या. "मामा, दीड-दीड झालंय. तुमच्यावर आहे."

"काय माझ्यावर?"

"सामना. बरोबरी झाली तुमची तर आपण राहतो."

मामांनी पेला विसळून पालथा घातला, शेजारचा तिरका पेलाही सरळ केला. "हे बरं नाही हो, बाई," ते म्हणाले. "शेळीला कुणी असं सांगतं का?"

आत येऊन ते बसले. नियम असा होता की पन्नास चाली कुणी कुणाला मारलं नाही आणि कुणाचं प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरीत. आणि शेवटची मारामारी होऊन चौतीस चाली झाल्या होत्या. पंच कागदावर रेघा मारत होते. मामाही मनात मोजायला लागले. मग मनात मोजताना चुकतंय असं वाटून ओठांनी पुटपुटत मोजायला लागले.

हा खेळ मामांना नवाच होता. बावीस वर्षं ते घड्याळाकडं बघून खेळले होते, वेळ कसा सरतोय म्हणून. आज पहिल्यांदा त्यांना वेळ नको होता, चाली हव्या होत्या. पटापट. राजा इकडं. पस्तीस. राजा तिकडं. छत्तीस. पोटरीत गोळा आला, बसलेल्या पोटरीत, जो कधी आला नव्हता. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपणहून दाबत होता, पेडल नसताना.

इंजिनिअर उंट घेऊन पटभर हिंडत होते. सगळीकडं कुलूप. उंटच देऊन वाट करावी तर सगळंच हातचं जायचं. त्यांचे कान लाल झाले होते. मागं त्यांच्याच कचेरीचा कारकून कुजबुजला, "मामांनी साहेबांना घडीत घातलं की." ते इंजिनिअरनी ऐकलं. एकोणचाळीस. चाळीस.

डॉक्टर मामांच्या मागं उभे. त्यांना पट नीट दिसत नव्हता, पण मामांचा श्वास ऐकू येत होता. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

इंजिनिअरनी उंट उचलला आणि घोड्याच्या दोन्ही उड्या ज्या तिरप्या रेघेवर पडतात त्याच रेघेवर आणून आपटला. काही बेत नव्हता त्यात. संताप होता नुसता. आणि घड्याळाचं बटण ठोकलं, तेही तसंच. टेबलाचा एक पाय आखूड. पट हादरला. कोपऱ्यातला घोडा सरकून आपल्या घराच्या कडेला आला, आणि तोंड भिंतीकडं करून उभा राहिला.

मामांची पाळी. त्यांचा हात राजाकडं निघाला. तोंडात आकडा होता. डोळ्याला कोपऱ्यातलं ते वाकडं दिसलं.

"चव्वेचाळीस," मामा म्हणाले, आणि दोन बोटांच्या चिमटीत घोडा धरून त्यांनी तो घराच्या बरोबर मध्यभागी, तोंड पुढं करून, नीट बसवला.

खडखडणारा पंखा तेवढा चालू राहिला.

मामांनी हात मागं घेतला, परत राजाकडं नेला, आणि वाटेतच थांबले. त्यांच्या लक्षात आलं. समोरच्याच्याही आलं होतं. इंजिनिअरनी पंचांकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "घोडा."

"काय घोडा?" डॉक्टर उसळले. "अहो, सवय आहे त्यांची! बावीस वर्षं सगळ्या गावाला माहीत आहे. सरळ करतात ते!"

"सवय मलाही माहीत आहे," पंच म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मामा, हात लावण्याआधी बोललात का?"

"बोललो," मामा म्हणाले.

"काय बोललात?"

मामांनी जरा वेळ घोड्याकडं बघितलं. "चव्वेचाळीस म्हणालो."

पाणीखात्याचा कारकून फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण दुसरं कुणीच हसलं नव्हतं. पंचांनी चष्मा काढला. "मग घोडाच चालवावा लागेल, मामा. माझा इलाज नाही."

"मी सोडून दिलं असतं," इंजिनिअर म्हणाले, कुणाकडं न बघता. "पण माझी तीन माणसं मागं उभी आहेत. मी एकटा असतो तर..."

"नाही साहेब. बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाले. "हात लागलाय."

डॉक्टर टेबलाच्या कडेला टेकले. बावीस वर्षांत ते मामांना कधी रागानं बोलले नव्हते. आज म्हणाले, "एकशे पंच्याहत्तर डाव नीट करतो, नीट करतो म्हणून कान किटवलेत आमचे. आजच विसरायचं होतं?"

"आजच मोजत होतो ना," मामा म्हणाले. "बावीस वर्षं मोजायला काही नव्हतं."

डॉक्टर बाहेर निघून गेले. एक्स-रेवाला त्यांच्यामागं गेला. पाणीखात्याची माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत चहाला गेली. डाव अजून संपलेला नव्हता, पण बघायला काय उरलं होतं? घोडा कुठंही उडो, उंटाच्याच तोंडात. मग प्यादं, मग वजीर, मग दहा चालींत मात.

मामांनी खोलीतल्या घड्याळाकडं बघितलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं. मग टेबलावरच्या घड्याळाकडं बघितलं. त्यांच्या बाजूला अडतीस मिनिटं शिल्लक होती.

त्यांनी खुर्ची जरा मागं सरकवली. चपला काढल्या. दोन्ही पाय टेबलाखाली लांब केले, हात पोटावर बांधले, आणि पाठ टेकली.

इंजिनिअर थोडा वेळ थांबले. "मामा, चाला."

"चालतो."

"कुठंही चाललात तरी तेच आहे."

"ते दिसतंय मला, साहेब. एवढं कळतं."

"मग सोडून द्या की. उगाच कशाला..."

"माझ्या घड्याळात अडतीस मिनिटं आहेत," मामा म्हणाले.

इंजिनिअरना वाटलं, म्हातारा अडून बसला. ते पंचांकडं वळले. पंचांनी खांदे उडवले. वेळ ज्याचा त्याचा. तेव्हा मागच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या औषधवाल्या बाई पुढं आल्या आणि इंजिनिअरच्या कानाशी दोन वाक्यं बोलल्या. चार वाजताचं कलम, तळघरातली लाँड्री, आणि हा शेवटचा शनिवार. इंजिनिअरनी खोलीतल्या घड्याळाकडं बघितलं, मग टेबलावरच्या. बोटांवर बेरीज केली.

"चार वाजून तीन," ते म्हणाले.

"हो," मामा डोळे मिटूनच म्हणाले.

इंजिनिअरनी पेनाला टोपण लावलं. "बसा मग," ते म्हणाले. "मलाही घरी जाऊन काही दिवे लावायचे नाहीत." आणि तेही खुर्चीत रेलले. बाईंनी जाऊन खडखडणारा पंखा बंद केला, शेजारचा लावला.

मामांना झोप लागली. तोंड किंचित उघडं पडलं. उजवा पाय मधूनच दाबत होता, मग तोही थांबला. पंचांनी वर्तमानपत्र काढलं, पण पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून. चहाहून परतलेला कारकून दारातून काही बोलणार होता, त्याला इंजिनिअरनी नुसत्या डोळ्यांनी परत पाठवला. पटावरचा घोडा कोपऱ्यात ताठ, आपल्या घराच्या बरोबर मध्यभागी होता. इस्त्री केल्यासारखा.

टेबलावरच्या घड्याळात मामांच्या बाजूचा काटा पडला. पंच थोडं थांबले, मग टेबलावर बोटानं टकटक केली. "मामा. वेळ संपली."

मामा जागे झाले. खोलीतल्या घड्याळात आधी बघितलं. मग उठून उभे राहिले. उभं राहताना कण्हले, हात पुढं केला, इंजिनिअरनी तो हातात घेतला. कागदावर सही केली. मग मामांनी सगळ्या सोंगट्या डबीत भरल्या, काळ्या एकीकडं, पांढऱ्या दुसरीकडं, हत्तीशेजारी हत्ती. डबी मिटताना झाकण वाकडं बसलं. ते काढून त्यांनी परत बसवलं. या वेळी म्हणाले, "नीट करतो." नेमकं या वेळी म्हणायची गरज नव्हती.

संध्याकाळी घमेल्यात चार पाय होते. बायकोनं मीठ ढवळलं. तिला बातमी कळली नव्हती, पण तिनं नेहमीचंच विचारलं.

"किती वाजता?"

"चार वाजून तीन."

"बरं झालं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, पायानं पाय सारून जागा करत, "आणि संघ?"

"खाली."

तिनं चुलीवरची तपेली आणली आणि त्यांच्या बाजूनं ओतली. पाणी फार कढत होतं. मामांनी पाय काढला नाही.

"आठच शनिवार तर होते," ती म्हणाली.

"आठच," मामा म्हणाले.

सोमवारी दीडशे कोट आले. डॉक्टरांचा कोट एकोणिसावा होता. मामांनी त्याला सहाच्या जागी सात दाब दिले आणि कॉलर नीट केली.